शेणोलीची पगाराची गाडी आणि आकाशातले खासगी उपग्रह

७ जून १९४३. सातारा जिल्ह्यातील शेणोलीजवळ पुणे–मिरज मार्गावरची गाडी अडवली गेली. पुढे रुळांवर दगड रचलेले होते. ती थांबताच मागेही दगड रचले गेले. प्रतिसरकारच्या तुफान सेनेने जी. डी. बापू लाड यांच्या नेतृत्वाखाली गाडीतील पगाराची सुमारे १९ हजारांची रक्कम ताब्यात घेतली.

कुंडल परिसरात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, ही शौर्यकथा म्हणून सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. या धाग्यात मात्र एक रुक्ष प्रश्न घेऊ: ती गाडी कोणाची होती?

तो मार्ग चालवत होती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी. सरकारने तिचा कारभार हाती घेतला तो १ एप्रिल १९४४ रोजी. पण क्रांतिकारकांना हा फरक निरर्थक वाटे; ज्या सेवेच्या बळावर राज्य टिकते, ती राज्याचाच अवयव. सरकारही निराळे मानत नव्हते. रूळ-तारा तुटल्या की १९४२ च्या अध्यादेशाने सामुदायिक दंड बसे तो आसपासच्या गावांवर. परस्परांच्या वैऱ्यांचे एकमत झालेला हा दुर्मीळ मुद्दा!

आता २०२२. युक्रेनचे सैन्य स्टारलिंक या खासगी उपग्रहसेवेवर विसंबून लढत होते. ऑक्टोबरमध्ये रशियाच्या प्रतिनिधीने संयुक्त राष्ट्रांत बजावले, की अशी ‘अर्धनागरी’ साधने प्रत्याघाताचे वैध लक्ष्य ठरू शकतात. युक्तिवाद शेणोलीच्याच जातीचा. त्याआधी २४ फेब्रुवारीला व्हायासॅटच्या उपग्रहजाळ्यावर सायबर हल्ला झाला, तेव्हा जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्कही तुटला. त्यांचा या युद्धाशी काय संबंध?

एक भेद मात्र मूलभूत आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचे पाचवे कलम आणीबाणीत परवानाधारकाची तारयंत्रणा ताब्यात घेण्याचा अधिकार सरकारला देई. तिथे कंपनीच्या इच्छेला जागा नव्हती. उलट, क्रिमियाजवळ सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती आपण नाकारली, हे मस्क यांनी २०२३ मध्ये स्वतःच सांगितले. युद्धाचा निर्णय एका उद्योजकाच्या हाती गेला.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराचे सहावे कलम खासगी संस्थांच्या अवकाशातील कृत्यांची जबाबदारी त्यांच्या राष्ट्रावर टाकते. पण युद्धात कोणाला सेवा द्यावी, कोणाची तोडावी, याबद्दल ते मौन पाळते. १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारात वस्तूचा लष्करी ‘वापर’ हा लक्ष्य ठरवण्याचा एक निकष आहे. भारत त्या कराराचा पक्षकार नाही.

भारताने स्टारलिंकला जून २०२५ मध्ये परवाना दिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याचे विसावे कलम १८८५ च्या त्या पाचव्या कलमाचेच वारस आहे: आणीबाणीत सरकार जाळे ताब्यात घेऊ शकते. मात्र सरकारने घेतलेले जाळे शत्रूचे लक्ष्य बनले, तर त्याच जाळ्यावरील रुग्णालयाचे आणि शाळेचे काय, याचे उत्तर त्या कलमातही नाही. माझ्या मते नियमनाची चर्चा ताब्यापासून नव्हे, इथून सुरू व्हायला हवी.