तळहाताचा घाम

दहावीनंतरच्या सुट्टीत मी नांदेडला एका कापडदुकानात कामाला होतो. एके दिवशी गल्ल्यात पन्नास रुपये कमी भरले. मालकांनी माझा हात धरला. तळवा ओला होता. "बघ, हातच सांगतोय," ते म्हणाले. अब्बा धावत आले आणि एवढंच बोलले, "मालक, घाम भीतीनंही येतो." संध्याकाळी नोट रोजमेळाच्या वहीत सापडली.

अब्बांचे ते वाक्य विज्ञानाचेही आहे, हे मला फार उशिरा कळले. मन दचकले की आपल्या इच्छेबाहेरच्या नसा तळहातावरच्या घामाच्या ग्रंथींना जागे करतात आणि एक ते तीन सेकंदांत त्वचेतून वीज अधिक सहज वाहू लागते. 1888 मध्ये फ्रान्समध्ये फेरे यांनी हे दाखवले. पुढे झुरिकमध्ये युंग यांनी माणसाला एकेक शब्द ऐकवून काटा कुठे हलतो ते पाहिले.

हे मोजमाप आपल्या महाराष्ट्रातही आले. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले. तेथे 1957 मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील संशोधक यंत्रे घेऊन आले. योगाभ्यासींची नाडी, श्वास आणि त्वचेतील वीज त्यांनी मोजली. भारतातील त्या दौऱ्यात त्यांना कपाळावर हुकमी घाम आणणारा एक योगीही भेटला. म्हणजे घामही साधनेने वळवता येतो!

पोलिसांच्या खोटे पकडण्याच्या यंत्रातही श्वास आणि रक्तदाबासोबत हाच घाम मोजतात. पण यंत्राला धडधड कळते, तिचे कारण कळत नाही. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात सांगितले, की संमतीशिवाय कोणावरही अशी चाचणी लादता येणार नाही. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हा पुरावा नव्हे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी लातुरात होतो. पुढे कित्येक रात्री घरात भांडे पडले तरी आम्हा सगळ्यांचे तळवे भिजत. त्या वेळी यंत्र लावले असते, तर अवघा जिल्हा गुन्हेगार ठरला असता.

म्हणून कोणाचा ओला हात हाती आला, तर आधी विचारावे, "बाबा, कशाला घाबरलास?"