पुढचे चाक आणि बुटाचे टोक

सायकल हळू चालवत असताना हँडल बरेच वळवले, की काही सायकलींमध्ये बुटाचे टोक पुढच्या चाकाला किंवा मडगार्डला लागते. सायकलींच्या परिभाषेत याला ‘टो ओव्हरलॅप’ म्हणतात. उस्मानपुऱ्यातून दौलताबाद, खुलताबादमार्गे वेरूळपर्यंतचा सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता सायकलीने पार करताना हा धोका मोकळ्या सरळ रस्त्यावर जाणवत नाही. तो चौकातील गर्दीत आणि घाटाच्या चढावर समोर येतो.

केव्हा लागते?
वेगात असताना सायकल मुख्यतः एका अंगाला झुकून वळते. हँडल अगदी थोडे फिरते. मंद गतीत मात्र ते बरेच फिरवावे लागते. उजवीकडे वळताना चाकाची मागील बाजू डावीकडे येते आणि त्याच वेळी डावा पाय पुढे असल्यास बूट चाकाला लागतो. हँडल पुन्हा सरळ करता येत नाही, तोल जातो. बूट मडगार्डमध्ये अडकल्यास चाकही जाम होऊ शकते.

कारणे
क्रँकचा आस आणि पुढच्या चाकाचा आस यांतील अंतर कमी असेल, तर जागा अपुरी पडते. जुन्या काळ्या सायकलींचा फोर्क अधिक तिरपा व पुढे झुकलेला असल्याने त्यांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. लहान फ्रेमला मोठीच चाके बसवल्याने कमी उंचीच्या चालकांना, विशेषतः महिलांना, तो अधिक भेडसावतो. अमेरिकेतील जॉर्जिना टेरी यांनी १९८० च्या दशकात महिलांच्या सायकलींना पुढे लहान चाक बसवून त्यावर तोडगा काढला. पर्यटनासाठी लावलेले जाड टायर व मडगार्ड उरलेली जागाही व्यापतात.

नियम काय सांगतो?
अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनुसार पायडलचा मध्य आणि टायर किंवा मडगार्ड यांत किमान ८९ मिलिमीटर अंतर हवे. मात्र पाय जखडून ठेवणारी पायडल असलेल्या सायकलींना ही अट लागू नाही. वस्तुतः अशा पायडलवरून पाय चटकन सोडवता येत नाही, हे ध्यानात घ्यावे.

उपाय
खरेदीपूर्वी नेहमीचे बूट घालून सायकलवर बसावे, कुणाला तरी ती धरायला सांगून क्रँक आडवी ठेवावी आणि हँडल दोन्ही बाजूंना फिरवून पाहावे. मडगार्ड नंतर बसवायचे असल्यास तेवढी जागा धरावी. १७० ऐवजी १६५ मिलिमीटरची क्रँक बसवल्यास ५ मिलिमीटर जागा मिळते. बुटाखालची क्लीट पुढे सरकवल्यास पाय मागे येतो. सीट मागेपुढे केल्याने मात्र काहीही साधत नाही.

केवळ स्पर्श होतो म्हणून सायकल सदोष ठरत नाही. हळू वळताना पायडल मारणे थांबवून बाहेरच्या बाजूचा पाय मागे ठेवावा, एवढी सवय बहुतेक वेळा पुरेशी ठरते. चढावर मात्र पायडल थांबवता येत नाही. तेथे वळण शक्य तितके मोठे घ्यावे, अन्यथा उतरून सायकल वळवावी.