मनमाडचा सांधा आणि रंगांची खोली

१/ १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाड आणि हैदराबाद यांना जोडणारा लोहमार्ग तयार झाला, तो मीटरगेज होता. लासूर स्टेशन याच मार्गावरचे. मुंबईकडून ब्रॉडगेजने आलेला माल मनमाडला उतरवून लहान वाघिणींत चढवावा लागे. मागची वाट कितीही रुंद असली, तरी लासूरला येणारी गाडी अरुंदच राही. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील रंगांचा इतिहासही याच वळणाने गेला आहे.

२/ भारतात रंगीत प्रसारण १९८२ साली सुरू झाले. त्याच दशकात व्हिडिओकॉनने जपानच्या तोशिबाच्या तांत्रिक सहकार्याने रंगीत संच आणले. पैठण रस्त्यावरील चितेगावचा तिचा कारखाना या जिल्ह्याची ओळख बनला. त्या काळातील संकेत म्हणजे सलग चढउतारांची विद्युतलहर. तिच्यात रंगांना मोजक्या पायऱ्या नव्हत्या.

३/ डिजिटल युगात रंग हा आकडा झाला. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकासाठी ८ बिट, म्हणजे २५६ छटा. तिन्ही मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख रंग. संख्या प्रचंड वाटते. पण सूर्यास्ताच्या आकाशात एकाच रंगाच्या छटा हळूहळू बदलत जातात, तेथे २५६ पायऱ्या अपुऱ्या पडतात आणि आकाशात पट्टे दिसू लागतात.

४/ डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय ही जोडणी आली. तिच्या सात संस्थापक कंपन्यांत तोशिबा होती, तशीच फ्रान्सची थॉमसनही. आरजीबी चित्रासाठी तिची मर्यादा प्रतिपिक्सेल २४ बिट होती. सेकंदाला ६० चौकटींचे १०८०पी चित्र नेण्यास १४८.५ मेगाहर्ट्झचा वेग लागे. कमाल वेग होता १६५. तेच चित्र ३६ बिटांत पाठवायचे, तर २२२.७५ मेगाहर्ट्झ हवेत. वाटच पुरत नव्हती.

५/ जून २००६ मध्ये एचडीएमआय १.३ ने ही वाट रुंद केली. वेग ३४० मेगाहर्ट्झवर गेला आणि ‘डीप कलर’ या नावाने ३०, ३६ व ४८ बिटांची सोय झाली. ३० बिटांत १०७ कोटींहून अधिक रंग मावतात. याच्या आदल्याच वर्षी व्हिडिओकॉनने थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला होता. डिजिटल जोडणीच्या एका संस्थापकाने काचेच्या नळ्यांचे कारखाने सोडले आणि मराठवाड्यात वाढलेल्या कंपनीने ते स्वीकारले. पुढच्या काही वर्षांतच सपाट पडद्यांनी नळीला बाजारातून हटवले.

६/ मात्र रुंद झालेल्या वाटेवरून न्यायला माल कोठे होता? डीव्हीडीवरील चित्र ८ बिटांचे; २००६ सालीच आलेल्या ब्ल्यू-रेवरचेही ८ बिटांचेच. आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

७/ केबलच्या डिजिटायझेशनमध्ये औरंगाबाद शहर दुसऱ्या टप्प्यात, २०१३ साली आले. लासूर स्टेशनसारखी ग्रामीण गावे चौथ्या, शेवटच्या टप्प्यात होती. त्याची अंतिम मुदत ३१ मार्च २०१७. सेट-टॉप बॉक्स आला, एचडी बॉक्ससोबत एचडीएमआयची ताराही आली. परंतु स्टुडिओत १० बिटांत जपलेले चित्र प्रसारणापूर्वी ८ बिटांत बसवले जाई. दोन्ही टोकांना ब्रॉडगेज आणि मध्ये मीटरगेज! वाटेत गळालेल्या छटा शेवटची तार परत आणू शकत नाही.

८/ चित्र बदलले ते २०१५ पासून. एचडीआर१० या मानकाने १० बिट बंधनकारक केले. चित्रणापासून पडद्यापर्यंतचा प्रत्येक दुवा त्या मापाचा असणे आवश्यक ठरले. लासूरचा लोहमार्गही असाच बदलला. १९९० च्या दशकात मनमाडपासून पुढचा मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हाच मनमाडची मालाची चढउतार थांबली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात नव्या शोधाची तारीख ठळक छापली जाते. सामान्य माणसाच्या घरात मात्र तो शोध साखळीतील सर्वांत अरुंद दुवा रुंद होईल त्या दिवशी पोहोचतो.