पाडवा या शब्दाविषयी थोडेसे

देवळाच्या शिळेवर जीर्णोद्धाराचे साल शके घालावे की इसवी, यावर बैठकीत बराच खल झाला. "शके पाडव्याला बदलतो, पण पाडवा म्हणजे काय?" असे एकाने विचारले. मी कचेरीत दप्तर सांभाळणारा, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

पाडवा हा शब्द संस्कृत 'प्रतिपदा'पासून, प्राकृतातून आला आहे. प्रतिपदा म्हणजे पंधरवड्याची पहिली तिथी. ती दर महिन्यास दोनदा येते. म्हणजे या शब्दात वर्षही नाही आणि सणही नाही! तरी आपण मोठे पाडवे दोनच मानतो. चैत्र शुद्ध प्रतिपदेस आपला शालिवाहन शक बदलतो. कार्तिकातल्या, दिवाळीच्या पाडव्यास गुजराती व्यापाऱ्यांचा विक्रम संवत बदलतो व नव्या वह्या सुरू होतात. गुढी म्हणजे उभारलेली ध्वजा. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीतही हा शब्द आहे. शालिवाहनाने मातीचे सैन्य जिवंत केले ही कथा सर्वांस ठाऊक आहे. शकाची गणना इ. स. ७८ पासून होते. शालिवाहनाचे नाव मात्र तीस कित्येक शतकांनी जोडले गेले. कथेची गोडी त्यामुळे कमी होत नाही.

'वर्ष' या शब्दाचे मूळ मात्र पावसात आहे. वर्षा तीच, वर्षाव तोच. आमच्या खारघरच्या भातकऱ्यांचे वर्ष पांडवकडा वाहू लागला की सुरू होई. पेशव्यांच्या दप्तरातील सुहूर सनही सूर्य मृगात गेल्यावर, जूनच्या आरंभी बदले. त्यास मृगसाल म्हणत. महसुली वर्ष अजून १ ऑगस्टला सुरू होते, तेही पिकाच्या हिशेबानेच. १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे जमिनी संपादित झाल्या, शेते वसाहतीखाली गेली. मृगावरून मुलांची वये सांगणारी म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. त्यांना विचारून जुन्या देवळाची माहिती लिहून घ्यावयास हवी होती. ते काम आपण फार उशिरा हाती घेतले.

शिळेवर शके व इसवी दोन्ही कोरावे, असे माझे मत आहे. तिथी पंचांगाचीच घालावी, कारण १९५७ पासूनच्या सरकारी दिनदर्शिकेतील १ चैत्र २२ मार्चला (लीप वर्षी २१ ला) येतो आणि आपला पाडवा बहुधा दुसऱ्याच दिवशी असतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. परंतु १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. कलशारोहण माघात ठरल्यास एवढे पाथरवटास आधी सांगून ठेवावे.