हळदीची कॅप्सूल रक्तात किती उतरते, बाहेर किती पडते? असं मोजतात

हळदीच्या काही कॅप्सूलच्या डबीवर ‘२० पट जास्त शोषण’ असं छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून आणि त्यातून काय समजायचं, वाचा सविस्तर.

कर्क्युमिन म्हणजे काय?
हळदीला पिवळा रंग देणारा घटक म्हणजे कर्क्युमिन. वाळलेल्या हळदीत तो साधारण २ ते ५ टक्के असतो. भाजीतल्या चिमूटभर हळदीतून तो थोडाच जातो. कॅप्सूलमध्ये मात्र काढलेला अर्क भरतात.

मोजतात कसं?
१. निरोगी माणसाला उपाशीपोटी ठरलेला डोस देतात.
२. डोसच्या आधी एकदा आणि नंतर १५ मिनिटं, अर्धा तास, १ तास असं ठरावीक वेळेला रक्त घेतात.
३. रक्त मशीनमध्ये फिरवून वरचा पिवळसर भाग वेगळा करतात आणि त्यात घटक किती आहे ते तपासतात.
४. आकड्यांचा आलेख काढतात. घटक किती वर चढला, कधी चढला, निम्मा कधी झाला हे त्यात दिसतं. आलेखाखालच्या क्षेत्रफळावरून एकूण किती रक्तात गेला ते कळतं.
५. बाहेर किती पडलं हे पाहायला लघवी आणि शौचही तपासतात.

काय दिसलं?
१९७८ साली स्वीडनमध्ये उंदरांवर अभ्यास झाला. दिलेल्या कर्क्युमिनपैकी सुमारे ७५ टक्के शौचावाटे निघून गेलं, लघवीत नावापुरतंच सापडलं. जे आत जातं त्याचंही आतड्यात आणि यकृतात लगेच रूप बदलतं.

१९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात जवळपास काहीच सापडलं नाही. सोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर प्रमाण २००० टक्क्यांनी वाढलं. ‘२० पट’ आला तो इथून. पण मुळात जे नगण्य होतं त्याची ही २० पट आहे, हे विसरू नये. शिवाय काही चाचण्यांत रूप बदललेलं कर्क्युमिनही धरून मोजतात, त्यामुळे आकडा मोठा दिसतो.

धोका कुठे?
पायपरिन शरीराची औषध बाहेर टाकायची क्रिया मंदावतं. फिटवरचं फेनिटॉइन, दम्यावरचं थिओफिलिन, बीपीचं प्रोप्रॅनोलॉल यांचं रक्तातलं प्रमाण त्यामुळे वाढल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातला एक दगावला. असं सगळ्यांनाच होत नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही.

हे लक्षात ठेवा
• रोजची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल सुरू करू नका.
• डबीवर ‘पायपरिन’ किंवा ‘काळी मिरी अर्क’ लिहिलंय का ते बघा.
• डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेली, अंगाला खाज सुटली तर कॅप्सूल बंद करा आणि डबी घेऊनच दवाखान्यात जा.
• हा इशारा कॅप्सूलचा आहे. भाजी-आमटीतल्या हळदीला घाबरायचं कारण नाही.