चित्त्याच्या कमरेची दोरी

परळी–बीड रस्त्यावरच्या सिरसाळ्यात कुणी मांजराला दोरी बांधून फिरायला नेले, तर बघणारे थबकतील. दोरी बैलाला, शेळीला, फार तर कुत्र्याला. मांजर पोत्यांच्या थप्पीमागे उंदरावर टपून बसते, भिंतीवरून शेजारी जाते आणि दुधाच्या वेळेला बरोबर परत येते. त्याला बाहेरच्या जगाची ओळख कुणी करून द्यावी लागत नाही. पुण्या-मुंबईत आठव्या मजल्यावर वाढलेल्या मांजराला मात्र मातीचा वास नवा असतो. त्याच्यासाठी छातीभोवतीचा पट्टा आणि मालकाच्या हातातली दोरी आली. ही रीत परदेशी वाटते खरी. पण मार्जारकुळातल्या जनावराला दोरीवर चालवण्याची विद्या याच मुलखात नऊशे वर्षांची जुनी आहे. दोरीच्या टोकाला तेव्हा मांजर नव्हते, चित्ता होता.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात चित्त्याकरवी केलेल्या शिकारीचे वर्णन येते, आणि भारतातल्या अशा शिकारीची ती सर्वांत जुनी ज्ञात नोंद मानली जाते. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. मराठवाड्याचा मोठा भाग तेव्हा याच राजघराण्याच्या अमलाखाली होता. अशा शिकारीतले मुख्य सावज म्हणजे काळवीट; तो उघड्या माळावर राहतो आणि चित्त्यालाही धावायला मोकळा माळच लागतो.

राजांनी शिकारी केल्या, ग्रंथ लिहवून घेतले. पण चित्ता जिवंत पकडून माणसात आणण्याचे काम ज्यांनी केले, त्यांची नावे कुठे उरली नाहीत. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींची जी नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात पारधी समाजाच्या पोटशाखांमध्ये फासेपारधी आणि टाकणकार यांच्याबरोबर ‘चितेवाले’ येतात. माणसाळवलेल्या चित्त्याला घेऊन शिकार करणारे ते चितेवाले.

चित्ते नखे घासायला आणि आपली खूण ठेवायला ठरावीक झाडांपाशी येत. पारधी ते झाड हेरत आणि त्याच्याभोवती हरणाच्या तातीचे फास मांडत. पिल्लू पकडण्यात अर्थ नसे, कारण शिकार करणे त्याला त्याची आईच शिकवते. त्यामुळे पूर्ण वाढलेले, रानात मुरलेले जनावरच लागे. आणि अशा जनावराला माणसाच्या वस्तीत शांत बसवणे, ही या विद्येतली सगळ्यात अवघड पायरी होती.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक राहिलेल्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी 1891 च्या आपल्या पुस्तकात हे शिक्षण वर्णिले आहे. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवत, त्याला चहूबाजूंनी दोरांनी जखडून खाटेवर ठेवत. बायका-मुले त्याच्याजवळ बसून दिवसभर बोलत राहत. माणसाचा आवाज म्हणजे धोका नव्हे, हे त्याच्या अंगवळणी पडावे म्हणून. पुढे रखवालदार आणि चित्ता एकाच कांबळ्याखाली झोपत.

फ्लॅटमधल्या मांजराची वाट याच्या बरोबर उलटी आहे. ते घरातून बाहेर निघालेले असते. तरी शिकवण्याचा क्रम ओळखीचा वाटतो. आधी पट्ट्याचा वास घेऊ द्यायचा, मग तो घरातच काही मिनिटे अंगावर ठेवायचा, खाऊ द्यायचा आणि मगच दार उघडून एखाद्या शांत कोपऱ्यात न्यायचे. रेबीजची लस त्याआधी टोचलेली हवी. ओढायचे मात्र कधीच नाही. दोरी नुसत्या गळपट्ट्याला बांधली तर घाबरलेले मांजर मागे सरकून त्यातून सहज निसटते, म्हणून पट्टा छातीभोवती घालतात. जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने 1765 च्या सुमारास रंगवलेल्या चित्रात मद्रासहून इंग्लंडच्या राजाला धाडलेला चित्ता आणि त्याचे दोन हिंदी रखवालदार दिसतात. त्यातही चित्त्याला आवरणारा पट्टा त्याच्या कमरेभोवती आहे.

शिकारीच्या दिवशी चित्ता बैलगाडीतून निघे. बैलगाडी रोजच्या पाहण्यातली, त्यामुळे हरणे तिला बुजत नसत. कळप टप्प्यात आला की टोपी काढायची, दोर सोडायचा. चित्त्याने हरणाचा गळा धरला की रखवालदार धावत जाई, लाकडी पळीत हरणाचे रक्त धरून चित्त्यापुढे करी, आणि तो त्यात गुंतला की पुन्हा टोपी चढवी.

अकबराने ही विद्या शिगेला नेली. ‘ऐन-ए-अकबरी’प्रमाणे त्याच्या पहिल्या प्रतीच्या चित्त्याला रोज पाच शेर मांस मिळे. त्याच्याकडे एका वेळी हजार चित्ते होते, असे जहांगीर सांगतो. पण बंदिवासात चित्ता सहसा वीत नसे. जहांगीरच्या काळी एका मादीला पिल्ले झाली, ती नवलाची गोष्ट म्हणून त्याने लिहून ठेवली. यानंतरची ठाऊक असलेली नोंद थेट 1956 सालची, फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून कायमचा वजा झालेला होता. ज्या हातांनी इतक्या मायेने त्याला माणसाळवले, त्याच हातांनी माळही रिता होत गेला, हे फार दुःखाचे आहे.

विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांना आफ्रिकेतून चित्ते आणावे लागले. कोल्हापुरात त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी फासेपारध्यांना कामे दिली आणि 1918 साली ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली. इतरत्र इंग्रजांचा 1871 सालापासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा पारध्यांच्या मानेवर होताच.

1952 साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी 31 ऑगस्टला पारध्यांसह अनेक जमातींच्या कपाळावरचा गुन्हेगारीचा शिक्का कायद्याने पुसला गेला. तोवर चितेवाल्यांना ज्याची दोरी धरावी, असा एकही चित्ता माळावर राहिला नव्हता.