‘आम्ही लोक’ : अमेरिकेची राष्ट्रीय ओळख आणि मराठी विचारवंतांची चिकित्सा

२६ जानेवारी १९५० रोजी भारतीय संविधान अंमलात आले, तेव्हा आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा हे गाव हैदराबाद राज्याच्या परभणी जिल्ह्यात होते. नरहर कुरुंदकर यांच्या आडनावामुळे मराठी वाचकांना परिचित झालेल्या या गावातील माणसे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची रयत होती. अवघ्या सोळा महिन्यांत ती ‘आम्ही, भारताचे लोक’ या पदात समाविष्ट झाली. या पदाचे पूर्वरूप १७८७ च्या अमेरिकन संविधानात आढळते. मात्र ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न अमेरिकेच्या इतिहासात सातत्याने वादाचा राहिला आहे. मराठी विचारवंतांनी अमेरिकेकडे पाहताना या प्रश्नाची चिकित्सा कशी केली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकन राष्ट्राची उभारणी वंश, धर्म किंवा प्राचीन परंपरा यांवर नव्हे, तर समतेच्या तत्त्वावर झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे विधान अर्धसत्य आहे. ज्या संविधानाचा आरंभ लोकांच्या नावाने होतो, त्याच संविधानाने प्रतिनिधित्वाच्या हिशेबात गुलामांची गणना तीन-पंचमांश या प्रमाणात केली. १७९० च्या नागरिकत्व कायद्याने परदेशातून येणाऱ्यांपैकी केवळ ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींनाच नागरिक होण्याची मुभा दिली. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांचे नागरिकत्वच नाकारले. यादवी युद्धानंतर तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्त्यांनी (१८६५ ते १८७०) हे चित्र कायद्यात बदलले. पण स्त्रियांना देशभर मताधिकार मिळण्यास १९२० साल उजाडावे लागले आणि मूलनिवासी इंडियनांना सरसकट नागरिकत्व मिळण्यास १९२४.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा गौरव आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही अपेक्षा, असा या अर्पणाचा दुहेरी आशय आहे. जोतीरावांचा अमेरिकेशी परिचय केवळ पुस्तकी नव्हता. अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फरार चालवीत असलेली मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती, आणि थॉमस पेनच्या लेखनाचा त्यांच्यावरील प्रभाव सर्वज्ञात आहे. ग्रंथाच्या प्रस्तावनेवर १ जून १८७३ ही तारीख आहे. त्याच्या सातच आठवडे आधी, १३ एप्रिल रोजी, लुईझियाना राज्यातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने मुक्त झालेल्या अनेक कृष्णवर्णीयांची हत्या केली होती. पुढे १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणातील दोषसिद्धीही रद्द ठरविली. ज्या मुक्तीचा जोतीरावांनी गौरव केला ती तेव्हाच मागे रेटली जात होती. यावरून जोतीरावांना भोळे ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांना अमेरिकेचे वर्णन करावयाचे नव्हते. बलवान समाजातील काही माणसे दुर्बलांच्या मुक्तीसाठी स्वतःच्याच समाजाविरुद्ध उभी राहू शकतात, याचा पुरावा येथील शूद्रातिशूद्रांपुढे ठेवावयाचा होता. तेवढ्यापुरता तो पुरावा खरा होता.

पंडिता रमाबाईंनी अमेरिका प्रत्यक्ष पाहिली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी प्रदान झाली. त्या समारंभासाठी गेलेल्या रमाबाई १८८८ पर्यंत तेथेच राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. राज्यव्यवस्था, गृहस्थिती, विद्या, धर्म, स्त्रियांची अवस्था अशा क्रमाने रचलेले हे पुस्तक प्रवासवर्णनापेक्षा समाजशास्त्राच्या अधिक जवळचे आहे. इंग्रजांची एकेकाळची वसाहत स्वतंत्र होऊन समर्थ झाली, ही गोष्ट पारतंत्र्यातील लेखिकेला स्वाभाविकपणे मोहविते. स्त्रियांच्या शिक्षणाचे आणि संघटनांचे वर्णन तर त्या विशेष आपुलकीने करतात. तथापि कृष्णवर्णीयांविषयीचा द्वेष, मूलनिवासींवरील अन्याय आणि स्त्रियांना नाकारलेला मताधिकार यांवरही त्या स्पष्टपणे बोट ठेवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिमानाबरोबरच तिचे अपुरेपणही नोंदविणारे इतके समतोल पुस्तक मराठीत इतक्या लवकर लिहिले गेले, याची दखल इतिहासाच्या अभ्यासक्रमांनी पुरेशी घेतलेली नाही.

भारतीय जातिव्यवस्था आणि अमेरिकन वर्णभेद यांची गाठ न्यायालयातही पडली. पंजाबातून गेलेले आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सेवा केलेले भगतसिंग थिंद यांनी नागरिकत्वासाठी दावा केला. उच्च जातीचा हिंदू हा आर्य असल्याने गोराच होय, आणि विवाहसंबंधाच्या बाबतीत तो खालच्या जातींना तसाच दूर ठेवतो जसे गोरा अमेरिकन निग्रोंना, असा युक्तिवाद त्यांच्या वतीने करण्यात आला. अमेरिकन होण्यासाठी जातीचा सोवळेपणा पुरावा म्हणून पुढे करावा लागला, ही बाब दोन्ही समाजांविषयी पुष्कळ काही सांगून जाते. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने हा दावा फेटाळला. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग १९४६ मध्ये खुला झाला, तोही वर्षाला जेमतेम शंभर स्थलांतरितांच्या कोट्यासह.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. ९ मे १९१६ रोजी तेथे वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म पोटजातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे, असे प्रतिपादन केले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांच्याशी पत्रव्यवहार केला. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवावयाच्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. अमेरिकेतील वर्णभेदाची त्यांना पूर्ण जाणीव होती, हे यावरून उघड आहे.

या पार्श्वभूमीवर २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील त्यांचे भाषण काळजीपूर्वक वाचावे लागते. जेम्स ब्राइस यांच्या ग्रंथातील एक प्रसंग त्यांनी तेथे सांगितला. अमेरिकेतील एका चर्चच्या परिषदेत संपूर्ण जनतेसाठी प्रार्थना ठरविताना ‘आमचे राष्ट्र’ हा शब्द सुचविण्यात आला. पण त्यातून राष्ट्रीय एकत्वाचा फार ठाम स्वीकार सूचित होतो, अशी हरकत घेतली गेली आणि ‘ही संयुक्त संस्थाने’ असा शब्दप्रयोग योजला गेला. अमेरिकनांनाच आपण राष्ट्र आहोत असे वाटत नव्हते, तर हजारो जातींत विभागलेल्या भारतीयांनी स्वतःला राष्ट्र मानणे हा भ्रम आहे, हा बाबासाहेबांचा निष्कर्ष होता. जाती राष्ट्रविरोधी आहेत, हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र याच ओघात अमेरिकेत जातीचा प्रश्न नाही, असेही ते म्हणाले.

हे विधान त्यांच्याच १९१६ च्या कसोटीवर टिकत नाही. १९४९ मध्ये अमेरिकेच्या ४८ राज्यांपैकी निम्म्याहून अधिक राज्यांत गोऱ्या व कृष्णवर्णीय व्यक्तींमधील विवाहास कायद्याने बंदी होती. विवाहबंदी हे जातीचे मर्म असेल, तर ते अमेरिकेत कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते. बाबासाहेबांना हे ठाऊक नसण्याची शक्यता फार कमी. सभागृहातील सदस्यांना आत्मसंतुष्टतेतून जागे करणे हे त्या भाषणाचे प्रयोजन होते आणि त्यासाठी विरोधी टोकाचे उदाहरण म्हणून अमेरिका उभी करण्यात आली, असेच म्हणावे लागते. जोतीरावांनी अमेरिकेचा कित्ता दाखविला, बाबासाहेबांनी तुलनेसाठी तिचा उपयोग केला. दोघांचीही नजर येथील समाजावर खिळलेली होती.

नागरिकत्वाच्या बाबतीत मात्र बाबासाहेबांनी अमेरिकेचा मार्ग जाणीवपूर्वक नाकारला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना, अमेरिकेत संघराज्याचे आणि घटक राज्याचे असे दुहेरी नागरिकत्व आहे, भारतात ते एकच असेल, हे त्यांनी स्पष्ट केले. हैदराबाद संस्थान भारतात येऊन तेव्हा सातच आठवडे झाले होते. संस्थानात मुलकी आणि गैरमुलकी हा भेद नोकऱ्यांमध्ये पाळला जाई. कुरुंद्याचा माणूस मुलकी, तर पैनगंगेपलीकडील वऱ्हाडातला त्याचाच सोयरा इंग्रजी अंमलाखालचा प्रजाजन, अशी स्थिती होती. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या त्या भाषणाच्या दोनच दिवस आधी, निजामाने फर्मानाद्वारे भारताचे संविधान हैदराबादसाठी स्वीकारले. नदीच्या दोन्ही तीरांवरील माणसे त्यामुळे एका देशाची नागरिक झाली. गावातील वेशीच्या आतली व बाहेरची वस्ती यांच्यातील अंतर मात्र कोणत्याही फर्मानाने मिटणारे नव्हते.

पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा नाव घेतले गेले ते ओकलंड येथील १९६६ च्या ब्लॅक पँथर पक्षाचे. जोतीरावांनी मुक्ती देणाऱ्या अमेरिकनांना वंदन केले होते. शंभर वर्षांनी मराठी तरुणांनी मुक्ती मागणाऱ्या अमेरिकनांशी नाते जोडले. दरम्यान, १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवंशीय विवाहांवरील बंदी घटनाबाह्य ठरविली होती. भारतात आंतरजातीय हिंदू विवाहांना वैधता देणारा कायदा १९४९ मध्येच संमत झाला होता, म्हणजे अमेरिकेच्या अठरा वर्षे आधी. तरीही वृत्तपत्रांतील वधू-वर सूचक जाहिरातींची विभागणी आजही जातींच्या मथळ्यांखाली होते.